परदेशातून : माझ्या सायकलीचा हिशेब पुण्याला लागू नाही

गेल्या महिन्यात पुण्याहून भाच्याचा फोन आला आणि त्याने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर मला त्या वेळी नीट देता आले नाही. त्याच्याकडे २०१८ साली घेतलेली ॲल्युमिनियमची रोडबाइक आहे. तिला शिमानोचा नऊ स्पीडचा सोरा गिअरसंच, चाकाच्या कडेला धरणारे रिम ब्रेक आणि २५ मिलिमीटर रुंदीचे टायर आहेत. ती विकून चाकाच्या मध्यावरच्या चकतीला धरणारे डिस्क ब्रेक आणि इलेक्ट्रॉनिक गिअर असलेली कार्बनची नवी सायकल घ्यावी, असे त्याच्यासोबत सायकल चालवणाऱ्या बहुतेकांचे मत आहे आणि दुकानदाराने साडेतीन लाखांच्या घरातला आकडा सांगितला आहे. आहे त्याच सायकलीचे चांगले काम करून घे, असे मी म्हणालो. त्यावर तो म्हणाला, "मामा, तू स्वतः मात्र गेल्या वर्षी जुनी बाजूला ठेवून दुसरी घेतलीस." हे खरे आहे, आणि तरीही माझे म्हणणे मला बरोबर वाटते. ते का, हे त्याला आणि त्याच्यासारख्या विचारात पडलेल्या इतरांना सविस्तर सांगणे मला आवश्यक वाटते.

नव्या सायकलीच्या बाजूने त्याच्या मित्रांनी मांडलेले मुद्दे पोकळ नाहीत. यूसीआय या जागतिक सायकलिंग संघटनेने १ जुलै २०१८ पासून रस्त्यावरच्या शर्यतींत डिस्क ब्रेकला कायमची परवानगी दिली आणि त्यानंतर काही वर्षांतच मोठ्या कंपन्यांनी वरच्या दर्जाच्या रिम ब्रेकच्या फ्रेम बनवणे जवळजवळ थांबवले. सुटे भाग एकेक करून विकत घेतले, तर त्यांची बेरीज पूर्ण सायकलीवर बसवून आलेल्या त्याच भागांपेक्षा जास्त होते, कारण कंपनी ते घाऊक भावाने घेते. हेही खरे आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकली आणि त्यांच्या सुट्या भागांवरचा जीएसटी १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला, त्यामुळे हीच वेळ आहे असे म्हणणारे आहेत. जानेवारी २०२६ मध्ये पुणे ग्रँड टूरच्या निमित्ताने परदेशी संघांच्या सायकली आपल्याच घाटांतून जाताना पाहिल्यावर मनात इच्छा जागी झाली असेल, तर तीही मी समजू शकतो. माझा आक्षेप एवढाच आहे की "जुन्या सायकलीवर खर्च करू नका, नवी घ्या" हा सल्ला ज्या देशांतून येतो, त्या देशांतला मजुरीचा दर, तिथला जुन्या सायकलींचा बाजार आणि तिथली करपद्धती त्या सल्ल्यात गृहीत धरलेली असते. सल्ला पुण्यात पोहोचतो, ही गृहीतके पोहोचत नाहीत.

आधी माझी गोष्ट. मी नेदरलँड्समध्ये उट्रेख्ट शहरात राहतो. माझी जुनी सायकल २०१२ सालची, शिमानोच्याच दहा स्पीडच्या ‘१०५’ नावाच्या गिअरसंचाची. ती मी पुण्याहून विमानाने सोबत आणली होती. तिच्या फ्रेममध्ये आणि ब्रेकच्या कमानीखाली २५ मिलिमीटरपेक्षा रुंद टायर बसत नाही. इथल्या जुन्या गावांतले रस्ते आणि नदीकाठच्या बांधांवरचे काही पट्टे विटांच्या फरसबंदीचे आहेत. लेक नदीच्या बांधावरून आमेरोंगनच्या टेकडीपर्यंत जाऊन परत यायचे, म्हणजे त्या विटांवरून तास-तासभर हात बधिर करून घ्यायचे. मला ३२ मिलिमीटरचे टायर हवे होते आणि ते कोणताही सुटा भाग बदलून मिळणार नव्हते. नवा गिअरसंच बसवण्याचा विचार केला, तर अकरा स्पीडच्या बहुतेक रोड कॅसेटना, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांच्या संचांना, जुन्या दहा स्पीडच्या हबपेक्षा (चाकाच्या मधल्या भागापेक्षा) १.८५ मिलिमीटर जास्त रुंदी लागते. म्हणजे कॅसेटसाठी हब, हबसाठी चाक, आणि पुढे शिफ्टर (हँडलवरचे गिअर बदलण्याचे खटके), डिरेलर (साखळी एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) व चेन असे सगळेच बदलणे आले. मजुरी धरून हा खर्च हजार युरोंपर्यंत जात होता आणि एवढे करून टायर २५ मिलिमीटरचेच राहणार होते. मार्क्टप्लाट्स या संकेतस्थळावर चार वर्षे वापरलेली डिस्क ब्रेकची सायकल अकराशे युरोंना मिळाली. पोलिसांच्या चोरीच्या मालाच्या नोंदीत फ्रेमचा क्रमांक तपासला आणि ती घेतली.

म्हणजे मीही नवी कोरी सायकल घेतलेली नाही. दुसऱ्याची वापरलेली घेतली आणि ते इथे सहज शक्य होते. या देशात सुमारे १ कोटी ८० लाख लोक आणि २ कोटी ३० लाखांहून अधिक सायकली आहेत. नोकरी देणाऱ्या संस्थेकडून सायकल वापरायला घेण्याची सोपी करव्यवस्था २०२० पासून लागू आहे, त्यामुळे जेमतेम तीन-चार वर्षे वापरलेल्या सायकलीही बाजारात येत राहतात. सरकार दुरुस्तीला प्रोत्साहन देत नाही असेही नाही. नव्या सायकलीवर मूल्यवर्धित कर २१ टक्के आणि सायकलदुरुस्तीवर मात्र ९ टक्के आहे. ज्या रिपेअर कॅफेंमध्ये स्वयंसेवक लोकांच्या बिघडलेल्या वस्तू विनामूल्य दुरुस्त करून देतात, त्यांतले पहिले २००९ साली ॲम्स्टरडॅममध्ये भरले. पण दुकानातली मजुरी इतकी महाग आहे की करातली ही सवलत तिच्यापुढे टिकत नाही. इथे कारागिराचा एक तास एखाद्या चांगल्या कॅसेटपेक्षा महाग पडतो. अशा ठिकाणी दुसरी सायकल घेणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते.

पुण्यात नेमके उलट आहे. तिथे कारागिराचा हात स्वस्त आहे आणि वस्तू महाग आहे. आयात सायकलींवरचे सीमाशुल्क २०२३ च्या अर्थसंकल्पात ३० टक्क्यांवरून ३५ टक्क्यांवर नेले गेले, आणि चांगल्या रोडबाइक बहुतांशी बाहेरूनच येतात. वापरलेल्या रोडबाइकचा बाजार लहान आहे; भाच्याच्या सायकलीला दुकानदाराने बावीस हजार रुपये देऊ केले आहेत. माझ्या लहानपणी आमच्या पेठेतला सायकलवाला दिवाळीच्या सुट्टीत वडिलांच्या सायकलीचे ओव्हरहॉलिंग करत असे. सगळी सायकल खोलून, छर्रे रॉकेलच्या ताटलीत धुऊन, चाकाची आऊट काढून ती संध्याकाळी परत मिळे आणि पुढचे वर्ष सुरळीत जाई. ते कसब पुण्यातून गेलेले नाही. भाच्याच्या घराजवळचे एक काका आजही हाताने चाक बांधतात आणि इतके सरळ बांधतात की उट्रेख्टमध्ये त्या कामासाठी मला आठवडाभर आधी वेळ घ्यावी लागली असती. हे कसब हाताशी असताना ते मोजणीत न धरणे ही मला या चर्चेतली सर्वांत मोठी चूक वाटते.

आता भाच्याला नेमका त्रास कशाचा होतो ते पाहू. मी त्याला सायकलीत काय हवे हे विचारले नाही, त्रास काय होतो हे विचारले. त्याने तीन गोष्टी सांगितल्या. सिंहगड चढताना शेवटच्या वळणांवर पाय अडतात, लांबच्या फेरीत हात दुखतात आणि ब्रेक दाबला की स्पंजसारखा लागतो. यांतली एकही तक्रार फ्रेमची नाही. त्याच्या पुढच्या लहान चक्राला ३४ दाते आहेत आणि मागे सर्वांत मोठे चक्र २८ दात्यांचे आहे. म्हणजे पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे अडीच मीटर पुढे जाते. त्याचा डिरेलर लांब पिंजऱ्याचा असल्याने मागे ३४ दात्यांपर्यंतची कॅसेट घेतो, आणि ती बसवली की तेच अंतर सुमारे २.१ मीटर होते. घाटात हा फरक गुडघ्यांना लगेच जाणवतो. हातांसाठी २८ मिलिमीटरचे टायर, त्यांत हवा थोडी कमी, आणि हँडलची उंची व पोहोच तपासून घेणे पुरेसे आहे. ब्रेकसाठी चांगले पॅड आणि नव्या केबली हव्यात. कॅसेट, चेन, टायर, पॅड, केबली आणि मजुरी मिळून पुण्यातला अंदाज अठरा हजार रुपयांचा आला. जीएसटी कमी झाल्याने साडेतीन लाखांच्या सायकलीवर सुमारे बावीस हजार वाचतात म्हणून ती आता घ्यावी, असा युक्तिवाद त्याला ऐकवला गेला होता. त्या वाचणाऱ्या रकमेपेक्षा कमी पैशांत त्याच्या तिन्ही तक्रारी संपतात.

एक मुद्दा मात्र मी बाजूला सारू शकत नाही, आणि तो पावसाचा आहे. ओल्या रिमवर ब्रेक उशिरा धरतो, वाळूचिखलाने रिम झिजते, आणि ताम्हिणीसारख्या घाटात भर पावसात उतरताना हा उशीर जिवावर बेतू शकतो. डिस्क ब्रेक तिथे निःसंशय श्रेष्ठ आहेत. रिम ब्रेकच्या फ्रेमला डिस्क बसवण्याची जागाच नसते आणि मागच्या चाकाचे मापही वेगळे असते, त्यामुळे ही सुधारणा पैसे टाकून जुन्या सायकलीवर करता येत नाही. जो नेमाने पावसाळ्यात घाट उतरतो, त्याने नवी सायकल घ्यावी, आणि कर्ज न काढता घेता येत असेल तर उशीरही करू नये. भाचा पावसाळ्यात मोठ्या फेऱ्या बंद ठेवतो. त्याने ती सवय बदलली, तर माझे उत्तरही बदलेल.

आणखी एका ठिकाणी मी त्याला आग्रहाने थांबायला सांगितले आहे. या अठरा हजारांनंतर अकरा स्पीडचा संच किंवा कार्बनची चाके असा पुढचा विचार आला, तर तो या सायकलीवर करू नये. माझ्या हबची जी अडचण होती तीच तिथे उभी राहू शकते, आणि त्यातला बराचसा पैसा पुढे डिस्कच्या फ्रेमवर नेताही येत नाही. एवढ्या बाबतीत "नवी घ्या" म्हणणारे त्याचे मित्र बरोबर आहेत.

परवा त्याने मोजमापाचे छायाचित्र पाठवले. काकांनी दुसऱ्या एका सायकलीचा २८ चा टायर चढवून पाहिला. ब्रेकच्या कमानीखाली चार मिलिमीटर जागा उरते आणि मागे साखळीच्या बाजूलाही तेवढीच. कॅसेट मागवली आहे. चेन झिजमापाने तपासली, तेव्हा ती ०.७५ टक्क्यांच्या पुढे ताणलेली निघाली, म्हणजे ती कुठल्याही निर्णयाआधी बदलावीच लागणार होती. शनिवारी काम पूर्ण होईल आणि रविवारी पहाटे तो सिंहगडावर जाणार आहे.