‘ली’ लावलं की झालं? मुळीच नाही!

चवथीपासून आमच्या घरच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. ‘इंग्रजी सुधारा, फक्त चार नियम.’ विशेषणाला ‘ली’ जोडलं की क्रियाविशेषण तयार. ते वाक्यात कुठंही ठेवा. ‘व्हेरी’ काढून ‘हायली’, ‘स्ट्राँगली’, ‘डीपली’ यांतलं काहीही घाला, अर्थ तोच. आणि ‘टू’ व क्रियापद यांच्यामध्ये क्रियाविशेषण घातलंत तर मुलाखतीत नापास. असले मेसेज मी वाचून सोडून देते. पण परवा भाचा बोटीवरच्या किचनसाठी लिहिलेला अर्ज घेऊन डिचोलीला आला. ‘मावशी, एकदा बघ गे,’ म्हणाला. दुसऱ्याच ओळीत होतं, ‘आय हॅव हार्डली वर्क्ड इन टू हॉटेल्स.’

पोरगा तीन वर्षं कळंगुट आणि कांदोळीच्या हॉटेलांत चुलीच्या धगीपुढे उभा राहिला. त्याला लिहायचं होतं, मी कष्टानं काम केलं. वाचणारा वाचेल, मी जेमतेमच काम केलं. आधी त्यानं ‘हार्ड’च लिहिलं होतं, बरोबर लिहिलं होतं. मेसेज वाचून त्याला ‘ली’ जोडलं. चूक नव्हती तिथं चूक घालणाऱ्या सल्ल्याचा मला संताप येतो.

म्हणून पहिल्या नियमाबद्दल सविस्तर सांगते. जुन्या इंग्रजीत कित्येक क्रियाविशेषणं विशेषणाला शेवटी ‘ए’ जोडून होत. पुढे तो ‘ए’ झिजून गेला आणि ‘हार्ड’, ‘फास्ट’ हे शब्द विशेषण म्हणूनही राहिले, क्रियाविशेषण म्हणूनही. ‘फास्टली’ म्हणून आजच्या इंग्रजीत काही नाही. ‘हार्डली’ आहे, आणि फार पूर्वी त्याचा अर्थ जोरानं, कठोरपणे असा होत असे, एवढं मान्य. पण आज त्याचा अर्थ ‘जेमतेम’, ‘क्वचितच’. ‘लेट’ म्हणजे उशिरा, ‘लेटली’ म्हणजे अलीकडे. ‘आय केम लेटली’ लिहून उशिराबद्दल माफी मागता येत नाही. उलट ‘फ्रेंडली’ला ‘ली’ असूनही ते विशेषणच. ‘क्विक’चं ‘क्विकली’ होतं, ‘केअरफुल’चं ‘केअरफुली’ होतं, बहुतेक शब्दांचं तसंच होतं. पण नेहमीच्या कामाचे शब्दच नेमके त्यातून निसटतात.

तिसरा नियम तर मराठी माणसानं क्षणभरही खरा मानू नये. आपण ढसाढसा रडतो, खदाखदा हसतो, गटागटा पितो. ढसाढसा हसला असं कुणी म्हणेल का? विरोध कडाडून होतो, नकार साफ देतात, झोप गाढ लागते. गाढ नकार कुणी दिलाय कधी? शब्दांच्या सोयरिकी ठरलेल्या असतात आणि त्या ऐकून ऐकून कानात बसतात. इंग्रजीतही हेच आहे. ‘रेकमेंड’बरोबर ‘हायली’ चालतं, ‘स्ट्राँगली’ही चालतं, ‘डीपली’ चालत नाही. ‘रिग्रेट’बरोबर ‘डीपली’ किंवा ‘बिटरली’, ‘हायली’ नाही. ‘रिफ्यूज’बरोबर ‘फ्लॅटली’, ‘रिमेंबर’बरोबर ‘व्हेगली’ नाहीतर ‘डिस्टिंक्टली’, ‘नीड’बरोबर ‘बॅडली’. हे माझ्या मनचं नाही. ऑक्सफर्डचा कोलोकेशनचा, म्हणजे शब्दांच्या अशा सोयरिकींचा, शब्दकोश 2002 साली निघाला, तो ब्रिटिश नॅशनल कॉर्पस या सुमारे 10 कोटी शब्दांच्या संग्रहावरून केलेला आहे. लोकांनी प्रत्यक्ष लिहिलेलं-बोललेलं इंग्रजी पाहून कोणत्या शब्दाशेजारी कोणता येतो, ते त्यात मांडलंय. अर्ज लिहिताना क्रियापद त्यात उघडून बघा, चार योग्य शब्द समोर येतात.

थोडा अंदाजही बांधता येतो. ‘डीपली’ भावनेच्या क्रियापदांना लागतं, ‘स्ट्राँगली’ मत, सल्ला आणि विरोध यांना. ‘हायली’ मोजक्याच क्रियापदांना लागतं. ‘स्पीक हायली ऑफ’ म्हणजे एखाद्याची वाखाणणी करणं. ‘व्हेरी’ आपण उठसूट वापरतो, हे मात्र मेसेजवाल्याचं खरं आहे. माझ्या वर्गातल्या वह्या त्यानं भरलेल्या असायच्या. पण एक शब्द काढून दुसरा डोळे मिटून बसवणं हा त्यावरचा उपाय कसा होईल?

‘कुठंही ठेवा’ हे आपल्याला पटतं, कारण मराठीत ‘मला गोवा खूप आवडतो’ आणि ‘मला खूप आवडतो गोवा’ दोन्ही चालतात. इंग्रजीत क्रियापद आणि त्याचं कर्म यांच्यामध्ये सहसा कुणाला शिरू देत नाहीत. ‘आय लाइक गोवा व्हेरी मच’ म्हणा, ‘आय लाइक व्हेरी मच गोवा’ नको. ‘हॅव’सारखं साहाय्यक क्रियापद असेल तर ‘ऑलवेज’, ‘नेव्हर’, ‘ऑल्सो’ हे शब्द त्याच्यानंतर येतात: ‘आय हॅव ऑलवेज वर्क्ड’. जागा बदलली की कधी अर्थही पालटतो. ‘ही आन्सर्ड ऑनेस्टली’ म्हणजे त्यानं प्रामाणिक उत्तर दिलं. ‘ऑनेस्टली’ आधी घेऊन पुढे स्वल्पविराम दिला, तर खरं सांगते, त्यानं उत्तर दिलं.

चौथ्या नियमावर वेळ घालवण्यासारखं काही नाही. 1864 साली हेन्री आल्फर्ड या इंग्रज धर्मगुरूंनी ‘टू’ आणि क्रियापद यांच्यामध्ये शब्द घालण्यावर आक्षेप घेतला, 1926 साली फाउलर या इंग्रज कोशकारानं त्या बंदीचा बाऊ करू नये असं लिहिलं, आणि ‘टू रियली अंडरस्टँड’ लोक आजही सर्रास लिहितात.

भाच्याची ओळ आता अशी आहे: ‘आय हॅव वर्क्ड हार्ड इन टू हॉटेल किचन्स फॉर थ्री इयर्स.’ अर्ज काल गेला. ग्रुपवर त्या मेसेजच्या खाली हे सगळं मी टाकतेय, कारण त्याच ग्रुपात आणखी दोन पोरं बोटीसाठी अर्ज लिहितायत.