खाली गेलीस का?

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आज सकाळी मी इस्रायली रामी एल्हानान आणि पॅलेस्टिनी बसाम अरामिन यांचा एकत्र फोटो टाकला. दोघांच्याही मुली या संघर्षात मारल्या गेल्या, आणि तरी दोघे मित्र. लगेच एका काकांचं उत्तर, "ताई, आधी हे सांगा की तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने?" त्याखाली तिघाचौघांचे अंगठे. त्याचं मला फार काही वाटलं नाही. पण दुपारी एका जुन्या मैत्रिणीचा मेसेज आला. आम्ही दोघींनी किती मोर्चे एकत्र चाललोत. ती म्हणते, "असले गळाभेटीचे फोटो म्हणजे पॅलेस्टिनी भूमीवरच्या इस्रायली कब्जाला रंगसफेदी. तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती." तेव्हापासून डोकं फिरलंय माझं.

रंगसफेदी? रामीची मुलगी स्मादार १३ वर्षांची होती. ४ सप्टेंबर १९९७ ला जेरुसलेमच्या बेन येहुदा रस्त्यावर आत्मघाती स्फोटात गेली. बसामची अबीर १० वर्षांची. जानेवारी २००७ मध्ये अनातात शाळेजवळ, दुकानातून खाऊ घेऊन निघाली होती, इस्रायली सीमा पोलिसाची रबरी गोळी डोक्यात मागून लागली. हे दोघे बाप त्याआधीच मित्र झाले होते. अबीर दवाखान्यात शेवटच्या घटका मोजत होती तेव्हा रामी तिथे होता. बसाम सतराव्या वर्षी तुरुंगात गेला, सात वर्षं आत होता, आणि पुढे इंग्लंडला जाऊन त्याने होलोकॉस्टचा, म्हणजे नाझींनी केलेल्या ज्यूंच्या संहाराचा, अभ्यास केला. रामीचे वडील नाझींच्या आउश्वित्झ छळछावणीतून वाचलेले. मुलीला मारणाऱ्यावर फौजदारी खटला कधी उभाच राहिला नाही, तरी बसाम दिवाणी कोर्टात लढत राहिला आणि २०१० मध्ये सरकारच जबाबदार असल्याचा निकाल मिळवला. आता सांगा, कोण कुणाला चुना फासतंय?

इथे मला ठाण्याच्या आमच्या जुन्या चाळीतल्या मावशी आठवतात. बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू. मूळ अलिबागकडच्या, घरात अस्सल मराठी. त्यांच्याकडचा मलिदा, म्हणजे भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वर फळं, आम्ही पोरं ताट चाटूनपुसून खायचो. त्यांची मोठी बहीण साठच्या दशकात इस्रायलला गेली ती लोद शहरात स्थायिक झाली. मे २०२१ मध्ये लोद पेटलं. ज्यू आणि अरब शेजारी एकमेकांच्या गाड्या जाळत होते, दोन्हीकडची माणसं मेली. मी त्या संध्याकाळी मावशींकडेच होते. फोन स्पीकरवर. पलीकडून बहीण सांगत होती, तीही आपल्या मराठीत, की खालच्या मजल्यावरची अरब बाई वर आली, म्हणाली दार आतून लावून घे, आणि स्वतः रात्रभर जिन्यात खुर्ची टाकून बसली. ऐकताना माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मावशींच्या नाही आलं. त्यांनी विचारलं, "आणि तिच्या खिडकीवर दगड आले तेव्हा? तू खाली गेलीस का?"

पलीकडे शांतता. मग, "अगं, माझे गुडघे…"

मैत्रिणी, तुझा आक्षेप नेमका इथलाच आहे, ते मला कळतं. वर राहणारी आणि खाली राहणारी यांची मैत्री सारखी नसते. १९४८ च्या जुलैमध्ये याच लोदमधून हजारो अरबांना उन्हात पायी हाकललं, तेव्हा कुठे पुढे आलेल्यांना घरं मिळाली. २०१८ च्या कायद्याने राष्ट्र म्हणून हक्क फक्त ज्यूंचा ठरवला आणि अरबीचा अधिकृत भाषेचा दर्जा काढून घेतला. रामी इस्रायली पिवळ्या नंबरप्लेटच्या गाडीतून सहज फिरतो, बसाम चेकपोस्टवर ताटकळतो. ठीक आहे, मान्य. पण हे सगळं तुला ओरडून सांगणारे कोण आहेत? हेच लोक ना? दोन्हीकडच्या मृतांसाठी एकत्र भरणाऱ्या संयुक्त स्मरणसभेला पॅलेस्टिनी कुटुंबांना येऊ द्या म्हणून सरकारविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात कोण गेलं? मे २०२४ मध्ये वेस्ट बँकच्या सीमेवरल्या तारकुमियाच्या नाक्यावर गाझाला जाणारे ट्रक अडवून धान्याची पोती फोडली जात होती, तेव्हा जांभळे टीशर्ट घालून त्या ट्रकांच्या आणि जमावाच्या मधे जाऊन उभं कोण राहिलं? स्टँडिंग टुगेदर या इस्रायलमधल्या चळवळीचे ज्यू आणि अरब कार्यकर्ते. शिव्या खाल्ल्या, पण हलले नाहीत. ते खाली गेले. फोटो काढायला नव्हे.

आणि काका, तुमच्यासाठी. ७ ऑक्टोबर २०२३ ला हमासने जे केलं ते राक्षसी होतं, हे मी तेव्हाही लिहिलं, आजही लिहिते. त्या दिवशी गाझाजवळच्या बेएरी किबुत्झमध्ये, म्हणजे सामूहिक वस्तीत, व्हिव्हियन सिल्व्हर मारली गेली. ७४ वर्षांची. गाझाच्या आजारी माणसांना गाडीत घालून इस्रायलच्या दवाखान्यांत नेणारी बाई. ओलीस असेल म्हणून सगळे महिनाभर आशेवर होते, मग घरातच अवशेष मिळाले. तिचा मुलगा आज काय करतो? आईचंच काम, पूर्णवेळ. माओज इनोन या इस्रायली माणसाचे आईवडील त्याच दिवशी गेले. तो अझीझ अबू सारा या पॅलेस्टिनी माणसाबरोबर गावोगाव फिरतो, ज्याचा भाऊ इस्रायली कोठडीतल्या मारहाणीनंतर दगावला. या माणसांना तुम्ही "भोळसट" म्हणता? ठाण्यात एसी लावून? तुमचं काय गेलंय? "एकेकाला संपवा" लिहून टाळ्या वाजवणारे अंगठे तुमच्याच ग्रुपमध्ये पाहिलेत मी, गाझात हजारो पोरं मेली त्या दिवसांतही.

रागावून लिहिलंय. तसंच ठेवते.

मावशींच्या बहिणीबद्दल मात्र मला कडवट व्हायचं नाहीये. तिच्या नवऱ्याने स्वतः समतेसाठी धरणं धरलेलं. १९६२ मध्ये तिथल्या धर्मगुरूंनी फतवा काढला की बेने इस्रायलींच्या लग्नाआधी त्यांच्या पिढ्या तपासा, खरे ज्यू आहेत का बघा. आपली ही कोकणी माणसं जेरुसलेमच्या रस्त्यावर बसली, १९६४ मध्ये संसदेला त्यांच्या बाजूने ठराव करावा लागला. ज्यांना दारात उभं करून "तुम्ही खरे कोण?" विचारलं गेलं, त्यांना खालच्या मजल्यावरचं दुःख कळायला किती वेळ लागावा? मावशी हेच बहिणीला म्हणाल्या. ऑक्टोबर २०२३ नंतर खालच्या बाईच्या मुलाला एका फेसबुक पोस्टवरून पोलिसांनी उचललं तेव्हाही बहिणीचं दार बंदच राहिलं. मग मावशींनी बरेच महिने फोन केला नाही. गेल्या पावसाळ्यात बहिणीनेच केला. म्हणाली, जाते आता कधीकधी खाली, चहा घेतो, मुलाचा विषय दोघी काढत नाही. मावशींना ते पुरेसं वाटलं नाही. मला वाटलं, थोडं तरी.

म्हणून बाजूचं उत्तर: हे लोक मधोमध उभे नाहीत. ते कब्जाविरुद्ध आहेत, मुलं मारण्याविरुद्ध आहेत, मारणारा कुठलाही असो. मी त्यांच्या बाजूने.

संयुक्त स्मरणसभा दरवर्षी वसंतात नेटवरून दाखवतात. २०२५ च्या एप्रिलमध्ये रानाना गावात लोक एका सिनेगॉगमध्ये ती बघत बसले होते, बाहेर जमाव आला, दगडफेक झाली. पुढच्या वेळी ती मावशींच्या घरी लावायचं आम्ही ठरवलंय. ठाणे-मुलुंडकडच्या कुणाला यायचं असेल तर इनबॉक्स करा. वाद घालायला आलात तरी चालेल, फक्त शेवटपर्यंत बसायचं. खायला मलिदा आहे.