अ‍ॅक्टिंग स्कूलला जायचं का? आधी टाइमटेबल मागा, मग बोलू

ऑडिशनचा सीझन आला की माझ्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न वेगवेगळ्या नावांनी यायला लागतो. ताई, मला अ‍ॅक्टिंगच करायचीय, तीन वर्षांची कॉन्झर्व्हेटरी (म्हणजे अभिनयाचा पूर्णवेळ कोर्स) करू का, की सरळ ऑडिशन्स द्यायला लागू? एकेकाला उत्तर देऊन बोटं दुखली, म्हणून एकदाच काय ते लिहून टाकते. मी स्वतः असा पूर्णवेळ कोर्स केलाय, नंतर नाटकं, डबिंग, बारीकसारीक रोल असं सगळं करत आलेय आणि आता आवाजाचे क्लास घेते. त्यामुळे माझं मत आवाजाच्या बाजूला जरा झुकणारच, ते तेवढं धरून वाचा.

तर माझं मत असं, की आवाज आणि शरीर घडवायला जायचं असेल तर खुशाल जा. कर्ज काढून जायचं असेल तर जाऊ नका. बाकी कॉन्टॅक्ट्स होतात, नाव लागतं, एजंट भेटतो वगैरे जे सांगतात ते खोटं नाही, पण त्याच्या भरवशावर तीन-चार वर्षं द्यावीत इतकं ते पक्कंही नाही.

आधी ते नावं फेकायचं बंद करूया. कुठेही हा विषय निघाला की एक जण म्हणणार, डॉ. श्रीराम लागू कान-नाक-घशाचे सर्जन होते, ते कुठे गेले होते स्कूलला? स्मिता पाटील दूरदर्शनवर बातम्या वाचायची. नाना पाटेकर जे.जे. आर्ट स्कूलचा. की लगेच दुसरा म्हणणार, मग नसीरुद्दीन शाह, ओम पुरी? दोघांनीही एनएसडी (दिल्लीचं नॅशनल स्कूल ऑफ ड्रामा) केलं आणि वर एफटीआयआय (पुण्याची फिल्म इन्स्टिट्यूट) पण केलं. रोहिणीताई हट्टंगडी एनएसडी, इरफान एनएसडी. दोन्ही याद्या खऱ्या आहेत आणि दोन्ही बिनकामाच्या, कारण त्यात फक्त पोचलेले लोक आहेत. स्कूलला जाऊन काही झालं नाही आणि न जाऊनही काही झालं नाही अशांची यादी कोण ठेवतं? आणि लागूंचं उदाहरण देणारे हे सोयीस्कर विसरतात की ते 1969 मध्ये, चाळिशी उलटल्यावर पूर्णवेळ नट झाले आणि त्याआधी डॉक्टरकी सांभाळून वर्षानुवर्षं हौशी रंगभूमीवर घासलेले होते. म्हणजे शिक्षण झालंच होतं की, फक्त त्याची फी कुणी घेतली नव्हती.

आता कॉन्झर्व्हेटरीत नेमकं काय असतं ते बघा, कारण बऱ्याच मुलांना वाटतं कॉलेजसारखंच असेल, चार लेक्चरं आणि वर्षाअखेर एक नाटक. तसं नसतं. सकाळी मूव्हमेंट, मग आवाज, दुपारी सीनवर काम, संध्याकाळपासून तालीम, आणि हे आठवड्याचे पाच-सहा दिवस, वर्षानुवर्षं, त्याच वीसेक तोंडांबरोबर. पुस्तकी भाग कमी असतो. बऱ्याच ठिकाणी कोर्स चालू असताना बाहेर काम करायला परवानगीही नसते. दमणूक एवढी होते की पहिले काही महिने आपण नट व्हायला आलोय की मजुरीला तेच कळत नाही.

आवाजाचा तास कसा असतो सांगते. पहिल्या वर्षी आमच्या बाई आम्हाला जमिनीवर उताणं झोपवायच्या, गुडघे वर, डोक्याखाली एक-दोन पातळ पुस्तकं, आणि मग काही नाही. श्वास घ्या, सोडा. सोडताना नुसता 'स्स्स'. बाई फिरत फिरत यायच्या, पाठीच्या खाली हात सरकवून बरगड्यांना बोटं लावायच्या आणि म्हणायच्या, इथे ये. आठवडेच्या आठवडे गेले, एक शब्द उच्चारायला दिला नाही. मुलं वैतागली, की आम्ही काय झोपायला आलोय का. आमच्यात एक खणखणीत आवाजाचा मुलगा होता, त्याला तर हा शुद्ध अपमान वाटायचा. पण त्याचा घसा प्रयोगाच्या दुसऱ्या अंकात हमखास बसायचा. एकदा बाईंनी त्याला उभं केलं, बाजूला आरसा ठेवला आणि एकच साधं वाक्य म्हणायला सांगितलं. वाक्य तोंडातून निघायच्या आधीच त्याची मान मागे ओढली जायची आणि हनुवटी वर व्हायची. त्याला पटेना. बाईंनी मानेवर नुसता हात ठेवला, ढकललं नाही काही नाही, आणि म्हणाल्या आता बोल. जो आवाज आला तो त्याचा त्यालाच ओळखू येईना. पुढच्या वाक्याला मान परत मागे! ती सवय सुटायला त्याला वर्ष लागलं.

गंमत म्हणजे हे सगळं ज्याच्या नावाने शिकवतात तो एफ. एम. अलेक्झांडर पण मुळात स्टेजवर उतारे म्हणून दाखवणारा कलाकारच. प्रयोगात त्याचा आवाज जायचा, डॉक्टरांना कारण सापडेना, मग पठ्ठ्याने आरसे लावून स्वतःला बोलताना बघितलं आणि त्याच्या लक्षात आलं की बोलायला लागलं की आपण डोकं मागे ओढून घेतोय. आज जगभरातल्या मोठमोठ्या ड्रामा स्कूल्समध्ये अलेक्झांडर टेक्निक शिकवतात. आपली खोड आपल्याला आतून बरोबरच वाटत असते, म्हणून हे काम एकट्याने होत नाही. यूट्यूबवर श्वासाचे व्हिडिओ ढिगाने आहेत, चांगलेही आहेत, पण त्यातला कुणी तुमच्या मानेवर हात ठेवणार नाही. गाणाऱ्याला रोज गुरूसमोर बसावं लागतं हे आपल्याला कुणी पटवून द्यावं लागत नाही, नटाचं मात्र सगळ्यांना वाटतं की अंगात असलं की झालं.

शरीराचंही तेच, त्यात फार शिरत नाही. जाक लकॉक या फ्रेंच शिक्षकाच्या पद्धतीत चेहऱ्यावर कुठलाच भाव नसलेला न्यूट्रल मास्क घालून नुसतं चालायला लावतात आणि चेहरा झाकला की आपण खांद्यांनी किती खोटं बोलतो ते सगळ्या वर्गाला दिसतं. ज्यांनी केलंय त्यांना माहितीये.

पण उरलेलं? सीन स्टडी, कॅमेऱ्यासमोर काम, ऑडिशन कशी द्यायची, सेल्फ-टेप (स्वतःच शूट करून पाठवायची ऑडिशन) कशी करायची, हे सगळं बाहेर मिळतं. माइस्नर या अमेरिकन अभिनय-शिक्षकाचं रिपिटिशन घ्या. दोघं समोरासमोर बसतात, एक म्हणतो तुझा शर्ट चुरगळलाय, दुसरा म्हणतो माझा शर्ट चुरगळलाय, परत पहिला, परत दुसरा, आणि हळूहळू शब्द तेच राहून मधे राग येतो, हसू येतं, कधी एकदम रडू येतं. भन्नाट एक्सरसाइज आहे, पण ती वीकेंडच्या क्लासला पण करता येते, चांगला शिकवणारा हवा एवढंच. आणि एखादा बऱ्यापैकी नाटकाचा ग्रुप धरलात तर संहितेवर काम करणं, विंगेत गप्प उभं राहणं, दुसऱ्याचा प्रवेश पडला तर सावरून घेणं, हे तिथे जास्त लवकर कळतं असं माझं मत आहे. त्यासाठी लाखांनी फी भरू नका.

आता पैसे. इथे लोक एकदम हळवे होतात, स्वप्नाची किंमत करायची नसते वगैरे. करायची असते! अमेरिकेतल्या हार्वर्डच्या ए.आर.टी. इन्स्टिट्यूटचं, म्हणजे तिथल्या नाट्यशिक्षणाच्या संस्थेचं, झालेलं बघा. दोन वर्षांचा कोर्स, हार्वर्डचं नाव, आणि अमेरिकन सरकारने कर्ज आणि कमाईचा हिशोब लावला तेव्हा बाहेर पडणाऱ्यांच्या डोक्यावर साधारण 78 हजार डॉलर कर्ज आणि वर्षाची कमाई साधारण 36 हजार. नापास ठरवलं सरकारने, आणि 2017 मध्ये त्यांनी नवीन अ‍ॅडमिशनच थांबवल्या. तिथली ही अवस्था, तर कुठल्यातरी नव्या चकाचक अ‍ॅकॅडमीचं काय असेल विचार करा.

आणि नुसत्या आकड्याचा प्रश्न नाहीये. सुरुवातीच्या वर्षांत नटाकडे भांडवल म्हणून एकच गोष्ट असते, थांबता येणं. दुपारी दोन वाजता फोन येतो की चारला ऑडिशन आहे, तेव्हा हातातलं काम टाकून जाता आलं पाहिजे. बिनपैशाचं पण चांगलं नाटक आलं तर दोन महिने तालमीला देता आले पाहिजेत. भिकार रोलला नाही म्हणता आलं पाहिजे. डोक्यावर हप्ता असला की यातलं काहीच होत नाही, माणूस पक्की नोकरी धरतो (धरायलाच लागते) आणि तीन वर्षं घासून कमावलेला आवाज मीटिंगमध्ये प्रेझेंटेशन द्यायला वापरतो. माझ्या बॅचमधले जे टिकले ते सगळ्यात टॅलेंटेड होते असं मी अजिबात म्हणणार नाही, त्यांना थांबणं परवडलं. ऐकायला वाईट वाटतं पण आहे हे असं आहे.

मग फी नसलेल्या जागा बघा ना! आहेत. एनएसडीत तीन वर्षं राहून शिकायचं आणि वर विद्यार्थ्यांना दरमहा स्कॉलरशिप मिळते. 2021 मध्ये अमेरिकन निर्माता डेव्हिड गेफनने 15 कोटी डॉलर दिले आणि अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या ड्रामा स्कूलची ट्यूशन फी सगळ्यांनाच माफ झाली. बर्लिनच्या एर्न्स्ट बुशसारख्या सरकारी स्कूलमध्ये फी जवळपास नसल्यात जमा. अर्थात अशा ठिकाणी झुंबड असते, आणि जर्मन येत नसेल तर बर्लिनचं नाव घेऊन उपयोग नाही. तरी माझ्या मते आधी तिथे दोन-तीन वर्षं धडका माराव्यात, विकतच्या सीटचा विचार नंतर. अ‍ॅडम ड्रायव्हर या हॉलिवूडच्या नटाला न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड स्कूलने पहिल्या खेपेला घेतलं नव्हतं, मधे तो अमेरिकन सैन्यात, मरीन्समध्ये, जाऊन आला, मग परत ऑडिशन दिली आणि प्रवेश मिळाला. हे मी प्रेरणा म्हणून सांगत नाहीये, फक्त काही मिनिटांच्या मोनोलॉगवरून दिलेला नकार कायमचा नसतो, एवढंच.

शोकेसबद्दल पण विचारतात सगळे. शेवटच्या वर्षी एजंट आणि कास्टिंगवाल्यांसमोर प्रत्येकाने दोन-तीन मिनिटांचा सीन करायचा. करा, पण बॅचमधल्या दोघा-तिघांभोवती गर्दी होते आणि बाकीचे चहा पीत उभे राहतात. त्या एका दुपारसाठी तीन वर्षं घालू नका.

आणि एक गोष्ट, जिच्याबद्दल माझं डोकं फिरतं. तोडून परत घडवणं. काही ठिकाणी अजून शिकवणारे छातीठोकपणे सांगतात की आम्ही आधी मुलांना मोडतो. ज्युलियार्डसारख्या स्कूलमध्ये पूर्वी दुसऱ्या वर्षानंतर काही मुलांना चक्क काढून टाकायचे. ती पद्धत त्यांनीही कधीच बंद केली, पण त्याचं कौतुक करणारे उरलेत. मलाही असा एक सर भेटला होता, संपूर्ण वर्गासमोर एका मुलीच्या अंगकाठीवर बोलायचा आणि त्याला ट्रेनिंग म्हणायचा. ती मुलगी काय शिकली माहितीये? त्या सरांच्या तासाला पोट आत घेऊन श्वास घ्यायला. म्हणजे बाईंनी महिनोन् महिने जे सोडवलं ते यांनी एका तासात परत बांधून टाकलं. कुठल्याही स्कूलच्या माहिती-दिवशी कुणी असं मोडण्याबद्दल अभिमानाने बोललं तर उठून या.

अजून ठरत नसेल तर स्कूलला मेल करा आणि पहिल्या वर्षाचं टाइमटेबल मागा. ब्रोशर नाही, टाइमटेबल. त्यात आवाज आणि मूव्हमेंट रोज आहे की आठवड्यातून एकदा तोंडी लावायला, ते बघा. वर्गात किती जण, कारण चाळीस जणांच्या वर्गात तुमचा नंबर पंधरा दिवसांनी येणार आणि बाकी वेळ तुम्ही दुसऱ्यांना बघत बसणार. वेबसाइटवर ज्या नटाचा फोटो आहे तो खरंच शिकवतो की वर्षातून एकदा हार घालून घ्यायला येतो? शेवटच्या वर्षाच्या मुलांना गाठा, आणि शिक्षक आजूबाजूला नसताना गाठा. त्यांना वर्थ आहे का असं विचारू नका, ते हो म्हणणारच, पैसे भरलेत त्यांनी. गेल्या आठवड्यात तू स्वतः किती वेळ उभं राहून काम केलंस, असं विचारा. आणि टाइमटेबल द्यायला स्कूल टाळाटाळ करत असेल तर फॉर्मचे पैसे वाचले समजा.

कुणाकडे आलेलं असेल तर मला पाठवा, स्कूलचं नाव खोडून पाठवलंत तरी चालेल. रविवारी बसून बघते आणि काय वाटतं ते सांगते. फक्त कृपा करून रात्री एकला 'ताई, जागी आहेस का' असे मेसेज नकोत.