अंगरक्षक देऊन भागणार नाही
धमक्या येणाऱ्या कामगार नेत्यांना पोलीस अंगरक्षक द्या, असा उपाय एका लेखात सुचवला आहे; मला तो फार अपुरा वाटतो. छत्तीसगडमधले कामगार नेते शंकर गुहा नियोगी यांना आपल्या जिवाला धोका आहे हे ठाऊक होतं, तसं त्यांनी कॅसेटवर बोलूनही ठेवलं होतं. तरी २८ सप्टेंबर १९९१ ला भिलाईत झोपेतच त्यांना गोळ्या घातल्या. २००५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दोषी ठरला तो फक्त गोळी झाडणारा. त्याला कोणी पाठवलं, ते सिद्ध झालंच नाही.

शिवाय अंगरक्षक मिळाला तरी तो पुढाऱ्याला मिळणार. माझे वडील ठाण्यात एका कारखान्यात युनियनचे साधे कमिटी मेंबर होते. संपाच्या दिवसांत अनोळखी माणसं दारात येऊन आईला विचारायची, "पोरं कुठल्या शाळेत जातात?" पोलिसांनी अदखलपात्र (न्यायालयाच्या परवानगीविना तपास होत नाही असा गुन्हा) म्हणून नोंद केली आणि घरी पाठवलं. खरी चौकशी तेव्हाच व्हायला हवी, माणसं कोणी धाडली, पैसे कोणाचे! आणि संघटनास्वातंत्र्याचा, म्हणजे मोकळेपणाने युनियन काढण्याच्या हक्काचा, आयएलओचा (आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा) ८७ क्रमांकाचा करार भारताने अजून मंजूर केलेला नाही, याबद्दल लेखात एक ओळही नाही, हे फार खटकलं.