आईचं रेशन कार्ड सैन्याच्या आड येत नाही

परवा अमळनेरहून आईचा फोन आला. आवाज पडलेला. "आपलं कार्ड परत दी टाकू का रे?" भाऊबंदांच्या ग्रुपवर कुणीतरी मेसेज टाकला होता: 'रेशन, लाडकी बहीण बंद करा, एका वर्षात सैन्य दुप्पट होईल. पाकिस्तान असे पैसे वाटत बसत नाही. फुकट खाणारे देशावर भार आहेत.' सत्तरी ओलांडलेल्या बाईला स्वतःच्या ताटाची लाज वाटायला लावली, म्हणून लिहितोय.

आधी 'दुप्पट'. 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात संरक्षणाला सुमारे 6.81 लाख कोटी रुपये आहेत, अन्न अनुदानाला 2.03 लाख कोटी. देशभरचं रेशन बंद करून पै न पै सैन्याला दिली, तरी दीडपटसुद्धा होत नाही. लाडकी बहीण तर राज्याची योजना आणि संरक्षण केंद्राचा विषय. ते दीड हजार थांबले तर राज्याच्या तिजोरीत राहतील, लडाखला जाणार नाहीत.

मग 'पाकिस्तान असे पैसे वाटत बसत नाही.' वाटतो की. बेनझीर भुत्तोंच्या नावाची योजना 2008 पासून तिथल्या गरीब बायकांना रोख पैसे देते.

एक मान्य करावं लागतं. लाडकी बहीणचे पैसे सरकारी नोकरीतल्या बायकांनीही उचलले. ते वसूल कराच. सैन्याला नवी शस्त्रंही हवीत. भुसावळ-वरणगावला आयुध निर्माणी असलेल्या आमच्या जिल्ह्यात हे कुणी शिकवायला नको. पण त्या 6.81 लाख कोटींतले 1.61 लाख कोटी निवृत्तिवेतनाचे आहेत. त्यावर जवानाच्या म्हातारपणची चूल पेटते. तेही फुकट म्हणणार?

आता 'भार'. 1965 च्या युद्धाच्या वेळी आपण अमेरिकेच्या गव्हावर जगत होतो आणि अमेरिका तो हात राखून देऊ लागली. शास्त्रीजींनी सोमवारी रात्रीचं जेवण सोडायला सांगितलं. आई तेव्हा दहा-अकरा वर्षांची. घरात सोमवारी संध्याकाळी चूल पेटायची नाही, हे ती आजही सांगते. त्याच वर्षी भारतीय अन्न महामंडळ उभं राहिलं. गोदामात आपलं धान्य असलं की लढाईच्या काळात कुणापुढे हात पसरावा लागत नाही. रेशन दुकानातला माणशी पाच किलोचा हिस्सा त्याच गोदामांतून येतो. देशासाठी उपाशी झोपलेल्या त्या पोरीला आज देशावर भार म्हणता?

आईला सांगितलं, कार्ड परत करायचं नाही. उद्या पिशवी घेऊन दुकानावर जा. मशीनवर अंगठा उमटला नाही तर मला तिथूनच फोन लाव.