लोरेना बोर्हास आणि जामिनाचं गणित

न्यूयॉर्कची मराठी मंडळी कढीपत्ता, डाळी आणायला जॅक्सन हाइट्सला जातात. तिथंच ७ नंबरच्या लोकलच्या पुलाखालून रूझवेल्ट अ‍ॅव्हेन्यू जातो. ट्रान्स स्त्रियांसाठी (जन्मताना मुलगा म्हणून नोंद झालेल्या स्त्रिया) झटणाऱ्या, स्वतःही ट्रान्स असलेल्या लोरेना बोर्हास यांनी आयुष्य घातलं ते याच भागात. त्यांच्यावरच्या पोस्टींत ‘सगळ्यांची आई’ हमखास असतं. असू दे. पण माझ्या मते बाईंची खरी हुशारी जामिनात होती.

रस्त्यावर उभ्या असलेल्या ट्रान्स बायकांना पोलीस १९७६ च्या एका कलमाखाली उचलत: देहविक्रीच्या हेतूने रेंगाळणे. पर्समधले निरोधही पुरावा म्हणून लावत. (आणि बोर्हास रात्री निरोधच वाटत फिरायच्या!) साधारण २४ तासांत न्यायाधीशापुढे उभं करायचं. जामिनाचे पैसे नसले की रवानगी रायकर्स बेटावरच्या तुरुंगात. मग गुन्हा कबूल करून आजच सुटायचा मोह होतो. अमेरिकेत राहण्याचे वैध कागद नसलेल्या बाईला हाच कबुलीजबाब पुढे हद्दपारीपर्यंत नेऊ शकतो. म्हणून पैसे त्याच दिवशी हातात हवेत, आठवड्याने जमलेली वर्गणी काय कामाची?

वकील चेस स्ट्रँजिओ यांच्यासोबत बोर्हास यांनी जामिनाचा निधी उभारला तो यासाठी. खटला संपला की अनामत परत मिळते आणि तीच रक्कम पुढच्या बाईला लागते. मात्र आरोपी एका तारखेला गैरहजर राहिली तर वॉरंट निघतं, पैसे जप्त होऊ शकतात. त्यामुळे तारखेला कोर्टात सोबत जाणं हा निधीचाच भाग. शिवाय अटकेच्या कागदावर बहुधा जुनं, पुरुषी नाव. ते ठाऊक नसेल तर माणूस कुठल्या कोठडीत आहे हेच सापडत नाही.

हे त्यांना पुस्तकातून कळलं नव्हतं. १९८१ मध्ये मेक्सिकोतून आलेल्या बोर्हास स्वतः देहव्यापाराच्या तस्करीत सापडल्या होत्या. त्या काळातल्या शिक्षा न्यूयॉर्कच्या २०१० च्या कायद्यामुळे बऱ्याच पुसल्या गेल्या, उरलेलीसाठी २०१७ मध्ये गव्हर्नरांची माफी मिळाली. २०१९ मध्ये नागरिकत्व. आणि ३० मार्च २०२० ला कोविडने गेल्या. जाण्याआधीच्या दिवसांतही काम बुडालेल्या ट्रान्स लोकांसाठी पैसे गोळा करत होत्या.

ते कलम फेब्रुवारी २०२१ मध्ये रद्द झालं. किरकोळ गुन्ह्यांसाठीचा रोख जामीनही २०२० पासून बहुतांशी बंद आहे. पण इमिग्रेशनच्या कोठडीचा जामीन वेगळा: मिळालाच तर कायद्याने किमान १,५०० डॉलर, सगळे एकदम भरायचे, आणि भरणाऱ्याकडे स्वतःचे वैध कागद हवेत.