‘लिनक्सवर काहीच चालत नाही’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा मोफत आधार (सुरक्षेची अपडेट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि त्यानंतर सोलापुरातल्या डिझाइनवाल्यांच्या व फोटो स्टुडिओवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांत एक संदेश फिरू लागला. त्याचा आशय असा : लिनक्स (विंडोजच्या जागी कॉम्प्युटर चालवणारी प्रणाली) फुकट मिळते म्हणून भुलू नका, त्यावर गेम चालत नाहीत, डिझाइनचे आणि व्हिडिओचे काम होत नाही, मराठी अक्षरे तुटतात, प्रत्येक गोष्टीला कमांड टाइप करावी लागते, तेव्हा नवा कॉम्प्युटर घ्या, नाहीतर क्रॅक केलेली विंडोज टाकून मोकळे व्हा. मी गेली तीन वर्षे लग्नपत्रिका, फ्लेक्स आणि अधूनमधून टॉवेलच्या नक्ष्या लिनक्स मिंट या लिनक्सच्या एका प्रकारावर करतो, आणि त्याच यंत्रावर सुट्टीत भाचा गेम खेळतो. त्या अनुभवावरून सांगतो की संदेशात खोटेपणापेक्षा घोटाळा अधिक आहे. जे खरोखर चालत नाही ते आणि जे चालू शकते पण कंपनी चालू देत नाही ते, अशा दोन्ही गोष्टी त्यात एकाच ‘चालत नाही’खाली बसवल्या आहेत.

गेमविषयीचे विधान २०१८ पूर्वी बरेचसे खरे होते. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये व्हॉल्व कंपनीने स्टीम या आपल्या गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रोटॉन (विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारा मधला थर) आणले. त्याचा पाया असलेला वाइन हा प्रकल्प १९९३ पासून चालू आहे. येथे विंडोजची नक्कल उभी केली जात नाही. विंडोजसाठी लिहिलेला गेम ‘अमुक चित्र काढ’ असे डायरेक्टएक्सच्या भाषेत सांगतो, आणि मधला थर तेच सांगणे ग्राफिक्स कार्डाला व्हल्कनच्या भाषेत पोहोचवतो. सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्वभागातल्या दुकानात गिऱ्हाईक तेलुगूत बोलते, मालक कामगाराला मराठीत माल काढायला सांगतो आणि व्यवहाराचा वेळ काही दुप्पट होत नाही. तसाच हा दुभाष्या. व्हॉल्वने २०२२ मध्ये विक्रीस आणलेले स्टीम डेक हे हातातले गेमिंग यंत्र मुळात लिनक्सवरच चालते, म्हणजे ज्या कंपनीचा धंदाच गेम विकण्याचा आहे तिने आपले यंत्र याच दुभाष्याच्या भरवशावर बाजारात उतरवले. डायरेक्टएक्स १२ वापरणाऱ्या काही गेमांत एनव्हिडियाच्या कार्डांवर वेग विंडोजपेक्षा कमी पडतो, हे मात्र मान्य केले पाहिजे.

भाच्याचा पहिला अनुभव वाईटच होता. ‘विचर ३’ सुरू व्हायचा, काळा पडदा यायचा आणि बंद पडायचा, आणि आम्हीही दोन दिवस ‘लिनक्सवर चालत नाही’ हेच म्हणत होतो. शेवटी कळले की गेम आम्ही विंडोजच्या जुन्या डी ड्राइव्हवर ठेवला होता. तो ड्राइव्ह एनटीएफएस या विंडोजच्या फाइल साठवण्याच्या पद्धतीचा, आणि त्यावरून प्रोटॉन नीट चालेल याची खात्री नसते. गेम लिनक्सच्या भागात हलवल्यावर तो चालला. पहिल्यांदा सुरू करताना शेडर (ग्राफिक्स कार्डासाठीचे छोटे प्रोग्राम) तयार होईपर्यंत थांबावे लागते, तेवढे थांबणे मुलाला जड गेले.

आता जे चालत नाही त्याकडे वळतो. ‘व्हॅलोरंट’ लिनक्सवर चालत नाही, ‘फोर्टनाइट’ही नाही, आणि ज्याला हेच खेळायचे आहेत त्याने माझे ऐकून विंडोज पुसू नये. पण कारण पाहावे. फसवणूक पकडणारा व्हॅलोरंटचा पहारेकरी विंडोजच्या थेट गाभ्यात बसतो आणि तो लिनक्ससाठी बनवलेलाच नाही. इझी अँटी-चीट आणि बॅटलआय या अशाच दोन प्रणालींनी मात्र २०२१ मध्ये प्रोटॉनला दार उघडले, फक्त ते उघडायचे की नाही हे प्रत्येक गेमच्या निर्मात्यावर सोडले. ‘एपेक्स लेजेंड्स’ लिनक्सवर व्यवस्थित चालत होता. २०२४ मध्ये निर्मात्यांनी फसवणुकीचे कारण देऊन तो बंद केला. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये ‘जीटीए ५’च्या ऑनलाइन भागाला बॅटलआय लावण्यात आले आणि लिनक्सवरचे ऑनलाइन खेळणे थांबले; एकट्याने खेळायची गोष्ट आजही चालते. म्हणजे काल चालत होते आणि आज चालत नाही, आणि मधल्या काळात लिनक्समध्ये काहीच बिघडले नव्हते.

डिझाइनचे विधान मला अधिक जवळचे आहे. फोटोशॉप आणि कोरेल ड्रॉ लिनक्ससाठी मिळत नाहीत, हे खरे. (कोरेल कंपनीने १९९९ मध्ये स्वतःचे लिनक्स काढले होते आणि २००० मध्ये कोरेल ड्रॉ ९ लिनक्सवर आणले होते, नंतर तो नाद सोडला, हे संदेश पाठवणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक असेल?) पण सॉफ्टवेअर नाही म्हणून काम होत नाही, ही उडी मोठी आहे. पत्रिकेचेच घ्या. बारीक काळी अक्षरे फक्त काळ्या शाईत जावी लागतात. ती चार रंग मिसळून गेली आणि मशीनवर रजिस्ट्रेशन (रंगांचे एकमेकांवर अचूक बसणे) केसभर हलले, तर आजोबांच्या नावाला लाल-निळी कड दिसते. गिंप या फोटोंच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये आजही पूर्ण सीएमवायकेत (छपाईच्या चार शाईंच्या रंगांत) काम करता येत नाही, त्यामुळे पत्रिकेचा मजकूर मी गिंपमध्ये कधीच ठेवत नाही. फोटो गिंपमध्ये साफ करतो, वेलबुट्टी इंकस्केपमध्ये काढतो आणि मांडणी स्क्रायबसमध्ये करतो, कारण तेथे अक्षराला शुद्ध काळा देऊन छापखान्याला चालेल अशी पीडीएफ काढता येते. तीन सॉफ्टवेअरांत फिरावे लागते, ही कटकट आहेच. गिऱ्हाइकाची कोरेलमधली जुनी फाइल इंकस्केप उघडते, पण मजकूर विस्कटतो. म्हणून मी आधीच ‘कर्व्ह करून पाठवा’, म्हणजे अक्षरांचे आकार करून पाठवा, असे सांगतो. तसे तर कोरेल वापरणारेही छापखान्याला फाइल कर्व्ह करूनच देतात.

टॉवेलच्या नक्षीत लिनक्स मला उलट बरे वाटले. जॅकार्डच्या (धागे वेगवेगळे उचलून नक्षी विणणाऱ्या मागाच्या) नक्षीत पडद्यावरचा एक ठिपका म्हणजे ताण्याचा (उभा) एक धागा आणि बाण्याचा (आडवा) एक धागा, आणि एक रंग म्हणजे एक विणीचा प्रकार. आठ रंगांच्या चित्रात चुकून जरी नववा रंग शिरला तरी पुढे गोंधळ होतो. गिंपमध्ये चित्र इंडेक्स्ड करून (ठरावीक रंगांत बांधून) रंग आठच ठेवायचे आणि ब्रशऐवजी पेन्सिल वापरायची, कारण ब्रश कडा मऊ करायला जातो. ताणा आणि बाणा यांची घनता वेगळी असल्याने नक्षीतला मोर पडद्यावर लठ्ठ दिसतो. आडवे व उभे रिझोल्यूशन वेगवेगळे देऊन ‘डॉट फॉर डॉट’ बंद केले की तो मागावर जसा उतरणार तसाच दिसतो.

व्हिडिओच्या बाबतीत संदेशाला अर्धे गुण द्यावे लागतील. लग्नाचे शूटिंग करणारे आपल्याकडचे अनेक जण एडियस या व्हिडिओ संपादनाच्या सॉफ्टवेअरवर बसतात आणि ते विंडोजपुरतेच आहे. डाविंची रिझॉल्व्ह हे दुसरे संपादन सॉफ्टवेअर लिनक्सवर अधिकृतपणे मिळते, पण त्याची मोफत आवृत्ती तेथे एच.२६४ आणि एच.२६५ ही व्हिडिओची स्वरूपे उघडत नाही, म्हणजे मोबाइलचे आणि बहुतेक कॅमेऱ्यांचे चित्रीकरण आधी बदलून घ्यावे लागते व फाइल कितीतरी पट फुगते. हा परवान्यांचा गुंता आहे, यंत्राच्या कुवतीचा नाही. त्याच यंत्रावर केडेनलाइव्ह हे मोफत संपादन सॉफ्टवेअर त्याच फाइली थेट उघडते. माया, न्यूक आणि हूडिनी ही चित्रपटांच्या दृश्यपरिणामांची सॉफ्टवेअरे लिनक्सवर चालतात आणि मोठे स्टुडिओ ती तशी वापरतात, त्यामुळे ‘क्रिएटिव्ह काम होतच नाही’ हे वाक्य तर टिकतच नाही.

मराठी तुटते, हे विधान कोठून आले असावे याचा मला अंदाज आहे. स्क्रायबसच्या १.४ मालिकेत जोडाक्षरे आणि वेलांट्या खरोखरच विस्कटत असत. जानेवारी २०२४ मध्ये आलेल्या १.६ पासून ती स्थिर आवृत्तीतही नीट बसतात. गिंप, इंकस्केप आणि लिब्रेऑफिस अक्षरे जुळवण्यासाठी हार्फबझ हे इंजिन वापरतात, आणि अँड्रॉइड फोनही तेच वापरतो, म्हणजे ज्या फोनवर हा संदेश स्वच्छ मराठीत वाचला गेला त्यातली जोडाक्षरे याच इंजिनाने जुळवली. अडचण आहे ती युनिकोडपूर्व फॉन्टांत साठवलेल्या वीस वर्षांच्या मजकुराची, आणि ती विंडोजवरही फॉन्ट नसला की तशीच येते.

कमांडच्या भीतीवर फार लिहिण्याची गरज नाही. मिंटमध्ये सॉफ्टवेअर टाकणे, अपडेट करणे आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर निवडणे माउसनेच होते. क्रॅकचा सल्ला मात्र घातक आहे, कारण विंडोज ‘अ‍ॅक्टिव्हेट’ करणारी फाइल चालवण्यासाठी आधी अँटीव्हायरस बंद करायला सांगितले जाते, आणि त्याच कॉम्प्युटरवर गिऱ्हाइकांची आधार कार्डे व बँकेचे व्यवहार असतात.

संदेश लिहिणाऱ्याला खऱ्या अडचणी सापडल्याच नाहीत. आपल्याकडे दुकानोदुकानी दिसणारा एक जुना लेझर प्रिंटर लिनक्सवर लावताना माझा अख्खा रविवार गेला. म्हणून मिंट पेनड्राइव्हवरूनच, काहीही न पुसता, सुरू करून आधी प्रिंटर आणि वायफाय तपासावेत. दुसरी अडचण यंत्रमागाची. नक्षी गिंपमध्ये तयार झाली तरी तिला विणी देऊन जॅकार्डसाठी फाइल काढणारे माझे सॉफ्टवेअर डोंगल (परवान्याची यूएसबी किल्ली) लावल्याशिवाय उघडत नाही आणि ते फक्त विंडोजवर चालते. त्यासाठी एक जुना विंडोज १० चा कॉम्प्युटर मी इंटरनेटची वायर काढून कोपऱ्यात ठेवला आहे, आणि नक्षी त्याच्याकडे पेनड्राइव्हने जाते.